भाचा आइस हॉकीसाठी १६व्या वर्षी घर सोडतोय, पुढचं आयुष्य कसं असतं?

घोडबंदर_मावशी

मंडळी, इथे आइस हॉकीतलं कळणारं कोणी आहे का? बर्फावरची हॉकी, आपली मैदानावरची नाही. माझी धाकटी बहीण कॅलगरीला असते, तिचा मुलगा नीट चालायला लागला तेव्हापासून स्केट्स घालतोय असं म्हटलं तरी चालेल, आता पंधराचा झालाय. डब्ल्यूएचएल म्हणून तिकडे ज्युनियर लीग आहे, तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने मुलं निवडतात त्यात, याचं नाव आलं आणि सस्कॅचेवानमधल्या एका लहान शहराच्या टीमने त्याला घेतलं. पुढच्या सीझनला सोळाचा झाला की तो तिकडेच राहायला जाणार. हॉस्टेल वगैरे नाही, त्या गावातल्या एका कुटुंबाच्या घरी राहायचं, शाळा तिथली, प्रॅक्टिस तिथली, आणि आईबाबा गाडीने सहा-सात तासांवर.

आई, म्हणजे त्याची आजी, माझ्याकडे ठाण्यातच असते. बातमी कळल्यापासून तिचं एकच चाललंय, दहावीच्या वयाचं पोर परक्याच्या घरी कोण ठेवतं. बहीण फोनवर एकदा आनंदाने बोलते आणि पाच मिनिटांनी रडते, मेव्हणे मात्र ठाम आहेत. मी नेटवर शोधलं तर एक तर कोट्यवधी डॉलर्सच्या बातम्या येतात नाहीतर मारामारीचे व्हिडिओ, मधलं काही सापडतच नाही. मला साध्या खेळाडूचं आयुष्य कसं जातं ते कळायला हवंय. पैसे कधी मिळायला लागतात, शिक्षणाचं काय होतं, डोक्याला मार बसतो म्हणतात ते कितपत खरं, किती वर्षं खेळता येतं आणि नंतर काय करतात. जे असेल ते खरं सांगा, आईला खोटा धीर द्यायचा नाहीये.

ऐरोलीकर

ताई, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं एडमंटनला होतो, शेजारच्याच घरी ज्युनियर टीमची मुलं राहायला असायची, त्यामुळे हे जवळून बघितलंय. सविस्तर लिहितो.

आधी आजींचा प्रश्न. या कुटुंबांना बिलेट फॅमिली म्हणतात आणि ही पद्धत तिकडे खूप जुनी आहे. टीम घरं निवडते, घरातल्या मोठ्यांची पोलीस तपासणी होते, जेवणाखाण्यासाठी टीम त्यांना दरमहा थोडी रक्कम देते, पण त्या पैशांसाठी कोणी हे करत नाही कारण सोळा-सतरा वर्षांचा हॉकी खेळणारा मुलगा किती खातो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या काकू मुलांना रात्री उशिरा बस परत आल्यावर गरम जेवण वाढायच्या, परीक्षा असली की टीव्ही बंद करायच्या, आणि खेळणं संपल्यावर काही मुलांनी लग्नाला बोलावून त्यांना आईवडिलांच्या रांगेत बसवलं होतं. सगळीच घरं अशी मिळतात असं नाही, जमलं नाही तर टीम घर बदलून देते, फक्त मुलाने तोंड उघडून सांगितलं पाहिजे. हे बहिणीला नक्की सांगा, की दर आठवड्याला खेळ सोडून घराबद्दल विचारायचं, काय खाल्लंस, कुठे झोपतोस, कोणाशी बोलतोस.

घर लवकर सोडणं तर तिकडच्या मोठमोठ्या खेळाडूंच्या वाट्यालाही आलंय. वेन ग्रेट्स्की चौदाव्या वर्षी ब्रँटफर्ड सोडून टोरांटोला खेळायला गेला. सिडनी क्रॉस्बी पंधराव्या वर्षी नोव्हा स्कोशियाहून अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका निवासी शाळेत गेला आणि पुढच्याच वर्षी क्यूबेकमधल्या रिमूस्कीला, जिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. यारोमीर यागर अठराव्या वर्षी चेकोस्लोव्हाकियातून पिट्सबर्गला आला, भाषा येत नव्हती, घरची आठवण येऊन पार खचला होता, तेव्हा टीमने त्याच सीझनमध्ये यिरी हर्डिना नावाचा दुसरा चेक खेळाडू आणला, त्यात यागरला सोबत व्हावी हाही मोठा हेतू होता. इतक्या गुणी पोरालाही आपल्या भाषेत बोलणारं माणूस लागलं. तुमच्या भाच्यालाही लागेल, तेव्हा मराठीत फोन चालू ठेवा.

आता त्या लीगबद्दल. सोळा ते वीस वयाची मुलं, सप्टेंबर ते मार्च ६८ सामने, त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे वरच्या टीमच्या बाद फेऱ्या. प्रवास जवळजवळ सगळा बसने आणि अंतरं अफाट, रात्रभर बस चालते, मुलं सीटवरच झोपतात आणि सकाळी शाळा. बसच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट लपवून ठेवत नाही, कारण बहिणीला ती माहीत असणारच. एप्रिल २०१८ मध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोस या सस्कॅचेवानच्याच दुसऱ्या एका ज्युनियर लीगमधल्या टीमच्या बसची ट्रकशी टक्कर झाली आणि १६ जण गेले. पूर्ण कॅनडात लोकांनी रात्री दाराबाहेर हॉकी स्टिक्स ठेवल्या होत्या, आमच्या गल्लीतही. टीमच्या बसमध्ये सीटबेल्ट आहेत का आणि मुलं ते लावतात का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

पगार असा या वयात नसतो, वरखर्चाला भत्ता मिळतो. राहणं, जेवण, स्टिक्स, स्केट्स हे टीमकडे असतं आणि बहिणीच्या घरासाठी हीच मोठी सुटका असेल, कारण तोवर दरवर्षी स्केट्स लहान होतात, स्टिक्स तुटतात, रिंकचं भाडं वेगळं, तिकडचे पालक या खेळापायी अक्षरशः वाकलेले असतात.

नौपाडा_जुना

माझं मत कडू वाटेल पण काळजीपोटी लिहितोय. माझ्या पुतण्याने क्रिकेटसाठी बारावी सोडली, रणजीपर्यंतही पोचला नाही आणि मग पुन्हा अभ्यासाला बसणं त्याला फार जड गेलं. परदेशात असलं म्हणून मुलाचं वय काही बदलत नाही. हजारात एखादा वर जातो. शिक्षण सोडायचं नाही ही एक अट मेव्हण्यांनी कागदावर घालून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

ऐरोलीकर

काका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि आनंदाची गोष्ट म्हणजे ती अट तिकडे आधीच कागदावर असते. डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एका वर्षाची कॉलेजची फी आणि पुस्तकांचा खर्च स्कॉलरशिप म्हणून मिळतो. चार सीझन खेळला तर चार वर्षांची सोय झाली. ती कधीपर्यंत वापरायची, प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट झालं तर काय, याच्या अटी आहेत, त्या सही करण्याआधी वाचून घ्यायच्या. बरीच मुलं वीस-एकविसाव्या वर्षी कॅनडाच्या युनिव्हर्सिटीत जातात, तिथल्या टीमकडून खेळतात आणि डिग्री घेऊन बाहेर पडतात.

आणि यात नुकताच एक मोठा बदल झालाय. पूर्वी या ज्युनियर लीगमध्ये एक सामना खेळला तरी अमेरिकेच्या कॉलेज हॉकीचं, म्हणजे एनसीएएचं, दार बंद व्हायचं, त्यामुळे पंधराव्या वर्षीच मुलाला आणि आईबापांना ठरवावं लागायचं की ज्युनियर की कॉलेज. १ ऑगस्ट २०२५ पासून तो नियम गेला. डब्ल्यूएचएलमध्ये मेडिसिन हॅट शहराच्या टीमकडून खेळणारा गॅव्हिन मकेना, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा मुलगा, २०२५ मध्ये ज्युनियर सोडून सरळ अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीला गेला. म्हणजे तुमचा भाचा ज्युनियर खेळूनही पुढे अमेरिकेच्या कॉलेजात जाऊ शकतो. मी तर म्हणेन या पिढीचं नशीब चांगलं आहे.

नेरुळ_फिजिओ

डोक्याच्या माराबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी खेळाडूंसोबत काम करते, जास्त करून फुटबॉल आणि कबड्डी, पण धडकेचं शास्त्र सगळीकडे सारखंच.

खरं सांगायचं तर हो, धोका आहे. कॅनडात लहान वयोगटात अंगावर धडक मारायला बंदी असते, ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी आणि तीही वरच्या स्पर्धात्मक गटांत सुरू होते, म्हणजे तुमच्या भाच्याला धडक घ्यायचा अनुभव एक-दोन वर्षांचाच असणार. आणि आता तो सोळाचा असताना समोर वीस वर्षांचा, पूर्ण वाढ झालेला माणूस येणार. पहिल्या सीझनला सर्वांत जास्त जपायचं ते याचसाठी.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, त्यासाठी डोकंच आपटायला हवं असं नाही, मानेला जोरात झटका बसला तरी होतो आणि स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, झोप बिघडणं, अभ्यासात लक्ष न लागणं ही लक्षणं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं हे हमखास लपवतात कारण जागा जाईल अशी भीती असते, आणि पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर प्रकरण गंभीर होतं. परत खेळायची पद्धत टप्प्याटप्प्याची असते: एक-दोन दिवस शांतता, मग हलका व्यायाम, मग एकट्याने स्केटिंग, मग धडक नसलेली प्रॅक्टिस, डॉक्टरची परवानगी, मग धडकेसकट पूर्ण प्रॅक्टिस, आणि शेवटी सामना. कुठल्याही टप्प्यावर त्रास वाढला तर एक टप्पा मागे. क्रॉस्बीसारखा खेळाडू जानेवारी २०११ मध्ये कन्कशनमुळे बाहेर गेला तो नोव्हेंबरला परतला आणि तरी काही सामन्यांतच पुन्हा थांबला. पण त्याने घाई केली नाही, त्याच्याभोवतीच्यांनी करू दिली नाही, आणि तो नंतर २०१४ ला ऑलिंपिक गोल्ड आणि २०१६, २०१७ ला स्टॅन्ली कप, म्हणजे तिकडच्या सर्वांत वरच्या लीगचं विजेतेपद, जिंकला. हे उदाहरण भाच्याला मुद्दाम सांगा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डेरेक बूगार्ड, सस्कॅचेवानचाच मुलगा, टीमसाठी मारामारी करणं हेच त्याचं काम होऊन बसलं होतं. २०११ मध्ये २८व्या वर्षी तो वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र झाल्याने गेला, नंतर मेंदूच्या तपासणीत सीटीई निघालं, हा मेंदूचा आजार वारंवार बसलेल्या माराशी जोडला जातो. तो प्रकारचा खेळाडू आता जवळजवळ संपलाय, टीमला वेगवान, स्केटिंग करणारी पोरं लागतात. तरी बहिणीला सांगा की मुलगा मारामारीत पडतोय असं दिसलं तर कोचशी त्याच दिवशी बोलायचं.

मानेचं संरक्षण हे तिसरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सामन्यात अॅडम जॉन्सनच्या मानेला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला, त्यानंतर डब्ल्यूएचएलनेही नेक गार्ड सक्तीचा केला. मनगट आणि घोट्याजवळ न कापल्या जाणाऱ्या कापडाचे मोजे-बाह्या मिळतात, ते घ्याच. बाकी रोजचे त्रास म्हणजे जांघेचे स्नायू ताणणं, गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट, पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, अडवताना पायाचं हाड, गोलकीपरचे खुबे. हे त्रास देतात पण नीट उपचार केले तर बरे होतात.

खारघर_७

मी एनएचएल, म्हणजे तिकडची सर्वांत वरची व्यावसायिक लीग, वेड्यासारखा बघतो, सामने आपल्याकडे पहाटे असतात म्हणून सीझनभर माझी झोपेची वाट लागलेली असते, त्यामुळे वरच्या पायऱ्यांबद्दल मी लिहितो.

अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट. ३२ टीम, ७ राउंड, म्हणजे २२४ मुलं, जगभरातून. त्यात नाव आलं म्हणजे पोचलो असं नाही, त्यातले बरेच जण एकही एनएचएल सामना खेळत नाहीत. बहुतेकांना पहिली काही वर्षं एएचएलमध्ये काढावी लागतात, ती एक पायरी खालची लीग, आणि तिच्याखाली ईसीएचएल. कॉन्ट्रॅक्ट बहुतेकदा टू-वे असतं, वर खेळलास तर एक पगार आणि खाली खेळलास तर त्याच्या कितीतरी पटीने कमी. २०२५-२६ ला एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर्स होता, पण तो वर असलेल्या दिवसांच्या हिशोबाने मिळतो. सकाळी फोन येतो, संध्याकाळी दुसऱ्या शहरात सामना, दोन आठवड्यांनी परत खाली. लग्न झालेली माणसंसुद्धा बॅगेतून कपडे काढून जगत असतात. आणि जे तिथेही टिकत नाहीत ते युरोपात जातात, स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, चेक, तिथे चांगला पैसा आणि चांगलं आयुष्य मिळतं. याबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही, पण आइस हॉकीवर पोट भरणारे बहुसंख्य खेळाडू असेच आहेत, टीव्हीवर कधी न दिसलेले, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

भारतीय वंशाची नावं आजींना सांगा, बरं वाटेल त्यांना. रॉबिन बावा १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळला, एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. मॅनी मल्होत्रा, वडील मूळचे पंजाबी, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा, ९९१ सामने खेळला. तो गोल मारणारा हिरो नव्हता, समोरच्या टीमच्या चांगल्या खेळाडूंना अडवणं आणि फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना पकसाठीची झुंज, जिंकणं हे त्याचं काम, आणि अशी माणसं टिकतात. मार्च २०११ मध्ये पक डाव्या डोळ्यावर बसला, करिअर संपलं असं सगळ्यांना वाटलं, ऑपरेशनं झाली आणि तो जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या फायनलला परत उतरला. व्हँकुव्हरच्या प्रेक्षकांनी जे स्वागत केलं ते बघून मी एकटाच हॉलमध्ये उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

आणि तुमच्या भाच्याला सर्वांत जवळचा म्हणजे अर्शदीप बैन्स. सरे गावचा, डब्ल्यूएचएलमध्ये रेड डिअरकडून खेळला, एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, एकदाही नाही. थांबला, खेळत राहिला, २०२१-२२ ला पूर्ण लीगमध्ये सर्वांत जास्त पॉइंट्स, म्हणजे गोल आणि गोलसाठीचे पास मिळून, त्याचे, मग व्हँकुव्हरने कॉन्ट्रॅक्ट दिलं, तरी एनएचएलचा पहिला सामना फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे तेवीस वर्षांचा झाल्यावर. २०२५ ला अॅबट्सफर्डने, म्हणजे व्हँकुव्हरच्याच खालच्या टीमने, एएचएलचा कॅल्डर कप जिंकला तेव्हा त्या टीममध्ये बैन्स होता आणि हेड कोच होता तोच मॅनी मल्होत्रा. नंतर काय करतात विचारलंत ना ताई, तर एक वाट ही. कोचिंग, स्काउटिंग, रेफ्री, समालोचन.

किती वर्षं खेळतात याला उत्तर नाही. गॉर्डी हाउ ५२व्या वर्षापर्यंत खेळला, शेवटची काही वर्षं तर आपल्या दोन मुलांसोबत एकाच टीमकडून. यागर पन्नाशी ओलांडून आपल्या गावच्या क्लाद्नोकडून खेळला. पण हे सोडून द्या, बहुतेकांचं तिशीत संपतं, गुडघे आणि पाठ ठरवतात.

चाकांवरचा_कोच

ठाण्यात इनलाइन स्केटिंग शिकवतो, इनलाइन हॉकीही. करिअरबद्दल वर सगळं आलंय, मी फक्त खेळ म्हणून सांगतो. या खेळात सामना २०-२० मिनिटांच्या तीन पिरियडचा, पण खेळाडू बर्फावर एका वेळी ४५ सेकंदांच्या आसपासच असतो, जीव तोडून पळतो आणि बाहेर. म्हणून उन्हाळ्यात घरी येईल तेव्हा त्याला लांब पळायला लावण्यापेक्षा छोटे स्फोटक व्यायाम आणि भरपूर झोप हे महत्त्वाचं. चाकांवर सराव चालतो पण थांबायची पद्धत वेगळी, बर्फावर पातं आडवं करून थांबता येतं, चाकांवर तसं होत नाही, त्यामुळे इकडे सुट्टीत आला तर आमच्या मुलांसोबत हातांचा, पासिंगचा सराव जरूर करू दे, माझ्या पोरांना पर्वणी होईल.

आमच्या मुलांना बर्फ बघायला मिळत नाही हो, मुंबईच्या आसपास मापाची आइस रिंकच नाही. भारताची आइस हॉकी जवळजवळ सगळी लडाखच्या मुलामुलींच्या जिवावर उभी आहे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर शिकलेली. आपल्या मुलींची टीम २०१६ ला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली, २०१७ ला पहिला विजय आणि २०२५ ला आशिया कपचं ब्राँझ. तुमच्या भाच्याला वर्षभर बर्फ मिळतोय, त्याला या मुलींचे सामने दाखवा.

घोडबंदर_मावशी

सगळ्यांचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. डोळ्याला लागलेल्या मुलाचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली त्याच्या आईचं काय झालं असेल. बिलेट घराचं मात्र तिला पटलं, आता त्या काकूंना काय पाठवायचं याची यादी चालू आहे, भाजणी आणि मेतकूट विमानाने जाईल का विचारत होती. बहिणीशी काल रात्री बोलणं झालं, स्कॉलरशिपचं तिला माहीत होतं पण त्याच्या अटी तिने वाचलेल्या नाहीत आणि कन्कशनबद्दल टीमला काहीच विचारलेलं नाही. टीमवाले पुढच्या महिन्यात घरी येणार आहेत. तेव्हा आणखी काय विचारायचं? आणि सामना इथून बघता येईल का, आईला तेवढंच पुरे आहे.

ऐरोलीकर

सामने ऑनलाइन दिसतात. सस्कॅचेवानमध्ये घड्याळ वर्षभर एकच असतं, तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, शुक्रवारचा असेल तर शनिवारी सकाळी चहाच्या वेळेला. आजींना जमण्यासारखं आहे.

विचारायचं ते असं. एक, वर्षाच्या मध्येच दुसऱ्या टीमला ट्रेड होऊ शकतो का आणि झाला तर शाळेचं काय, कारण गाव, घर, मित्र सगळं एका फोनवर बदलतं आणि सोळाव्या वर्षी ते सोपं नसतं. दोन, बसमध्ये असताना अभ्यास कोण बघतं, टीमचा शिक्षण सल्लागार कोण आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या किती मुलांनी शाळा वेळेत पूर्ण केली. तीन, पहिल्या सीझनला कोच सोळा वर्षांच्या मुलांना खरंच किती खेळवतो, की नुसतं बसवून ठेवतो. बसवून ठेवणार असतील तर एक वर्ष कॅलगरीतच घरी राहून खालच्या लीगमध्ये रोज खेळणं जास्त बरं, असा माझा स्पष्ट कल आहे. चार, दुखापत झाली तर निर्णय टीमच्या डॉक्टरचा की बाहेरच्या डॉक्टरला दाखवता येतं, आणि खर्च कोणाचा. पाच, विसाव्या वर्षाचं. या लीगमध्ये वीस वर्षांचे फक्त तीनच खेळाडू एका टीमला ठेवता येतात, म्हणजे बरोबरीची बाकी मुलं एकोणिसाव्या वर्षानंतर बाहेर पडतात. त्या वेळी टीम कॉलेजसाठी शब्द टाकते का ते विचारा.

आणि ही उत्तरं तोंडी घेऊ नका, मेव्हण्यांना सांगा नंतर ईमेलवर लिहून मागवायची. टीमवाले सहीची घाई करतील, आपण करायची नाही, ड्राफ्टमुळे मुलाचे हक्क त्या टीमकडेच असतात, मुलगा कुठे जात नाही. एखादा हॉकी जाणणारा वकील कॅलगरीत सहज मिळेल, त्याच्याकडून कॉन्ट्रॅक्ट वाचून घ्यायचं, त्यातही स्कॉलरशिपचं पान आधी.

नेरुळ_फिजिओ

त्यात माझं एक. सीझन सुरू व्हायच्या आधी मुलाची बेसलाइन चाचणी करतात, म्हणजे स्मरणशक्ती, तोल, प्रतिक्रियेचा वेग हे सगळं तो बरा असताना मोजून ठेवतात, पुढे मार बसला तर त्याच्याशी ताडून बघायला. तिचा रिपोर्ट टीमकडे असतोच, बहिणीने एक प्रत स्वतःकडे मागून ठेवायची. ट्रेड झाला तर ती सोबत जायला हवी.